मगर

साहेब कानपूरचे. बोलायला गोड.
म्हणाले, "चारुबेन, आप का काम अच्छा है, मगर"
आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
वाक्य तिथंच राहिलं.
पुढचं मला लिफाफ्यातून कळलं.

एकोणीस वर्षं मी बाटल्या बघितल्या.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, पांढऱ्या ट्यूबलाइटसमोर,
खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी,
एकीमागून एक, खांद्याला खांदा लावून जाणाऱ्या.
बुडबुडा दिसला, बाजूला.
गळ्याशी केसाएवढी चीर, बाजूला.
तळ तिरका, बाजूला.
आता कॅमेरा बघतो. त्याला चहा लागत नाही,
त्याची पाठ धरत नाही.
खोटं कशाला बोलू,
तो माझ्यापेक्षा चांगलं बघतो.

कार्ड परत केलं, निळा एप्रन धुऊन परत केला.
कानातले बोळे कुणी मागितले नाहीत.
दिरानं पापडांचं सुचवलं, रमीलानं विम्याचं,
तेव्हा पर्समधून काढून घालावेसे वाटले.

पीएफच्या कागदांसाठी गेले त्या दिवशी
रिक्षा अकोट्याच्या पुलावर अडकली.
खाली विश्वामित्रीच्या काठाला ती पडली होती
थंडीतलं ऊन खात, जबडा उघडा टाकून,
चिखलच जरा जास्त वाळलेला वाटावा अशी.
पोरं कठड्याला लोंबकळून ओरडत होती,
"मगर! मगर!"
मी मनात म्हटलं, हो ने.
तेच तर.

घरी हात रिकामे, डोळे मात्र ड्युटीवर.
पेले घासून उजेडात धरायचे.
फरशीची भेग, दुधाच्या पिशवीचं छिद्र,
नवऱ्याच्या दातांतली फट.
ऋजुता भाखरी मोडता मोडता म्हणाली,
"आई, माझ्याकडे तसं बघू नको ना.
मी काय पट्ट्यावरून चाललेय?"
त्या रात्री मोरीत नळ सोडून रडले.
तिला कळलं असणार,
बादली कधीच भरून वाहत होती.

दिवाळीआधी बहिणीची बनारसी घेऊन
मांडवीत गेले, गुलामनबींकडे, रफूला.
तीन भोकं आहेत, म्हणाले.
मी म्हटलं, सात.
त्यांनी चष्मा पुसला, साडी दाराशी नेली,
बराच वेळ आले नाहीत.
"नजर कुठून आणली?"
"कारखान्यातून."
"हात कापतो?"
"माहीत नाही."
"मग बस."

बसले.
पहिल्या आठवड्यात एवढंच शिकले,
की धागा बाजारातून आणायचा नसतो.
त्याच कापडाच्या आतल्या दुमडीत तो असतो,
कुणा शिंप्यानं कधीकाळी मुडपून ठेवलेला,
ऊन न लागलेला, रंग न उडालेला.
सुईच्या टोकानं अलगद ओढून घ्यायचा.
ओढताना तुटतो.
दुसरा ओढायचा.

एका भोकाचे चाळीस रुपये, त्यात अर्धे माझे.
महिन्याची बेरीज अजून कुणाला सांगत नाही.
घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो,
तो काही बोलत नाही,
आणि त्याचं न बोलणं
बोळे घातले तरी ऐकू येतं.

काल पहिल्यांदा एक अख्खी शाल
माझ्या एकटीच्या हातची झाली.
गुलामनबींनी ती दाराशी नेली, उजेडात धरली,
उलटी केली, अंगठा फिरवला.
"अच्छा है," म्हणाले, "मगर"

गल्लीत एक छकडो घुसला होता,
हॉर्न वाजवत, धूर सोडत.
मी हातातली बशी खाली ठेवली.
तो जाईपर्यंत दोघंही थांबलो.

"मगर गाँठ दिखती है."

एवढंच होतं पुढे.

मी शाल मागून घेतली,
दारातल्या उजेडाकडे सरकले
आणि उसवायला लागले.